ठाकुर्लीचा उकिरडा

कल्याण-डोंबिवलीमधल्या ठाकुर्लीचा इतिहास सांगायला बसलं की लोक पॉवर हाऊसपासून सुरुवात करतात. मी उकिरड्यापासून करते. रेल्वेने इथे वीज केली, क्वार्टर्स बांधल्या, राखेचे ढीग घातले, हे सगळं खरंच. पण घरातल्या उष्ट्याखरकट्याचं आणि अंगणातल्या पाल्याचं काय करायचं, या प्रश्नाला या पट्ट्याने दीडशे वर्षांत जी उत्तरं दिली, त्यांतून मला हे गाव जास्त कळतं. आमच्या सोसायटीत हल्ली ‘होम कंपोस्टिंग’वर सभा होतात, तज्ज्ञ बोलावले जातात, आणि सगळं काल-परवाच लागलेल्या शोधासारखं बोललं जातं. माझं म्हणणं इतकंच, की खत करणं आपल्याला कधी अवघड नव्हतं. खताला घेणारा होता तोवर इथे कचरा नव्हता. घेणारा गेला, आणि तेच खरकटं कचरा झालं.

चोळे, कंचनगाव, खंबाळपाडा ही इथली जुनी वस्ती. १ मे १८५४ रोजी ठाण्याची आगगाडी कल्याणपर्यंत पोचली, ती या गावांच्या भातखाचरांमधून. आगरी कुळांची शेती, पावसाळ्यातलं एक भाताचं पीक, खाडीच्या अंगाला खारजमीन. अशा गावात स्वयंपाकघरातून बाहेर पडणारी कुठलीही वस्तू बेवारस नसे. कोंडा-तूस गुरांना आणि कोंबड्यांना, भाताची पेज उरली तर म्हशीला, मासळी धुतलेलं पाणी नारळाच्या नाहीतर शेवग्याच्या बुंध्याशी. शेण अर्धं गोवऱ्यांना, अर्धं शेताला. त्यातूनही काही उरलं तर उकिरडा होताच. पावसाआधी तो बैलगाडीने शेतात जाई.

पण इथल्या भातशेतीचा खरा आधार राब. सरकारने १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही त्याचं वर्णन सापडतं. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथे उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांचे टहाळे, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं, म्हणजे भडका न उडता सावकाश भाजतं. हॅरॉल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ मध्ये या पद्धतीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेइतकीच मातीला लागलेली धगही रोपांना मानवते, असा त्यांच्या तपासाचा रोख. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर राबासाठी टहाळे तोडण्याच्या हक्कावरून शेतकरी आणि जंगलखातं यांच्यात इतकं पेटलं, की सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. आज रस्त्याकडेला पडलेला पाला उचलून न्यायला कुणी नसतं आणि सफाई कामगार त्याला काडी लावतो. तेव्हा पाल्यावरून कमिशन बसलं होतं. धुराचं समर्थन मी करत नाही. पाल्याला किती किंमत होती, एवढंच सांगते.

पॉवर हाऊस आलं ते १९२०च्या दशकाच्या अखेरीस. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेची पहिली गाडी धावली, आणि कल्याणच्या पुढे घाटाकडचे मार्ग १९२९-३० मध्ये विजेवर आले. त्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने चोळ्याला स्वतःचं कोळशाचं वीजघर उभारलं. माझे वडील पुढे त्यातच लागले. आमचं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. पलीकडे बारा बंगल्यात साहेबलोक, त्यांच्याकडे माळी. आमच्याकडे मागीलदारी एक मोरी, एक शेवगा आणि आईने खणलेला खड्डा.

घरात राख दोन प्रकारची असे. शेगडीतली दगडी कोळशाची राख भांडी घासायला आणि पावसाळ्यात चिखलावर टाकायला. बंबातली लाकडाची, नारळाच्या शेंड्यांची राख वेगळ्या डब्यात. ती खड्ड्यात आणि आळूच्या वाफ्यात. दोन्ही राखा एकत्र झाल्या की आई चिडायची. कोळशाच्या राखेत जड धातूंचे अंश असतात, ती भाजीपाल्याच्या मातीत घालू नये, हे मी फार पुढे वाचलं. आईचं कारण सोपं होतं: “त्या राखेवर माठ धरत नाही.” चोळ्याहून भाजी घेऊन येणारी एक आगरीण फाटकातूनच विचारायची, “वयनी, बंबातली राख हाय का गो?” वांग्यावर मावा पडला की ती राख फुंकायला लागे. बदल्यात आईला मेथीची एक जुडी जास्त मिळायची. राखेची ही देवघेव आमच्या घरी हिशेबात धरली जाई.

आईचा खड्डा कणकवलीकडचा. तिथे अशा खड्ड्याला गायरी म्हणत, ती शेवटपर्यंत तोच शब्द वापरी. तिच्या माहेराजवळ, कणकवलीला, अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला. ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्या अप्पासाहेबांनी आयुष्याचा मोठा भाग मैला आणि खत या विषयावर घालवला. माणसाच्या विष्ठेचं सोनखत होतं, ते वाया घालवणं म्हणजे शेतीचं नुकसान. आणि ते उचलण्याचं काम एकाच जातीच्या माथी मारणं म्हणजे अधर्म, असं ते मानत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं. खताचा इतिहास सांगताना ही बाजू वगळून चालत नाही. जुन्या शहरांत मैला आणि कचरा ‘वेळेवर जात होता’ असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तो कुणाच्या डोक्यावरून जात होता हेही म्हणावं लागतं. माझ्या आईने अप्पासाहेबांना लहानपणी दुरून पाहिलं होतं. तिच्या घरी सोनखत कुणी करत नसे, पण खड्ड्याजवळ उभं राहून नाक धरायचं नाही, एवढा संस्कार तिथून आला होता.

चोळ्याचं वीजघर उभं राहत होतं, त्याच सुमारास खत करण्याच्या कलेला शास्त्राचं रूप इंदूरला मिळत होतं. तिथे १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. जमीन होळकर दरबाराची, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्यांचं नाव आज सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात येतं. त्यांच्या शेजारचं नाव क्वचित येतं, म्हणून मी ते मुद्दाम लिहिते. यशवंत वाड. रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्यावर जे पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावं आहेत.

त्यांची ‘इंदूर पद्धत’ आपल्या खेड्यातल्या उकिरड्याला शिस्त लावते. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात शेतातला काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख, असे थरावर थर. पाणी बेताचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकदा, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, अशी तीन वेळा उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार. कापसाच्या पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्यासाठी त्यांनी यंत्र आणलं नाही. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या, बैलगाड्या त्यांवरून गेल्या आणि त्या चिरडून खड्ड्यात जाण्याजोग्या झाल्या. काडी जास्त आणि शेण कमी झालं तर ढीग थंड राहतो, उलट झालं तर घाण सुटते. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण सुरुवातीला तेहतिसास एकच्या आसपास असावं, हे त्यांनी मोजून सांगितलं. १९३५ मध्ये इंदूरला आलेले गांधीजी ही पद्धत पाहून गेले. तिथून ती चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत, आफ्रिकेपर्यंत गेली. ती गेली, कारण इंदूरच्या खड्ड्याच्या कडेला कापसाचं शेत होतं. खत तयार झालं त्याच दिवशी त्याला जागा होती.

शहराकडे नेमकं हेच नव्हतं. मुंबईने आपल्या कचऱ्याला रेल्वे दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ल्याहून चेंबूरकडे लोहमार्गाची फांदी टाकली, ती कचरागाड्यांसाठी. प्रवासी त्या मार्गावर नंतर आले. १९२७ पासून देवनारच्या दलदलीत भर पडू लागली, ती आजपर्यंत. त्या कचऱ्यात भाजीचे देठ होते, गवत होतं, तबेल्यांचं शेण होतं. म्हणजे खताचा सगळा माल होता. नव्हता तो घेणारा शेतकरी, वाहून नेण्याच्या भाड्यासकट परवडेल असा.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बंगळूरला शहरी कचरा आणि मैला चरांत थराथराने पुरून खत करण्याची पद्धत बसवली. स्वातंत्र्यानंतर अनेक नगरपालिकांनी तिच्यावर कंपोस्ट केलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकलं. १९७०च्या दशकात केंद्राने मोठ्या शहरांना यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प दिले. त्यातले बहुतेक काही वर्षांत बंद पडले. खतात काचा आणि प्लॅस्टिक येऊ लागलं होतं, रासायनिक खताची गोणी अनुदानाने स्वस्त होती, आणि शहराचं खत शेतापर्यंत नेण्याचा खर्च खताच्या किमतीहून वर जात होता. यंत्रं ठीक चालली असती, तरी ढीग पडून राहिले असते.

आमच्याकडे हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून लोक डोंबिवलीला येऊ लागले तेव्हा सुरुवातीला बैठ्या चाळीच होत्या. विहीर, पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता, आणि कुंपणाशी चाळीचा एक सामाईक खड्डा. ऑक्टोबर १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. त्याच दशकात पॉवर हाऊस बंद झालं. वडील निवृत्त झाले, आम्ही क्वार्टर सोडून चोळ्याच्या बाजूला चाळीत आलो, आणि पुढे ती चाळ पाडून बिल्डिंग झाली. खड्डा बुजवायला कुणी ठराव केला नाही. तिथे जिना आला. चोळ्यातली भातखाचरं बिल्डरकडे गेली, राख मागणाऱ्या बाईच्या मुलांनी रिक्षा घेतल्या. गॅस आला म्हणून राख गेली, गोठा गेला म्हणून शेण गेलं, आणि भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागली म्हणून देठसालं त्याच पिशवीत गाठ मारून बाहेर जाऊ लागली. आधी कोपऱ्यावरच्या कुंडीत, मग घंटागाडीत.

घंटागाडी कुठे जाते हे आम्ही विचारलं नाही. ती आधारवाडीला जात होती. कल्याणला खाडीच्या अंगाला असलेलं ते डंपिंग ग्राउंड वर्षानुवर्षं उंच होत गेलं. उन्हाळ्यात त्याला आगी लागत, आणि वारा फिरला की धूर आपल्या बाल्कनीतल्या वाळत्या कपड्यांना लागे. दाबून भरलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. त्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणजे जळत होती ती आमच्याच घरची सालं. २००० साली घनकचऱ्याचे नियम आले, त्यांत ओला-सुका वेगळा करा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कुणी केला नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नाही या कारणावरून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानगीवरच बंदी घातली. ती २०१६ मध्ये उठली. वांग्याच्या देठाने टॉवर थांबवले, असं आमच्या सोसायटीत तेव्हा गमतीने म्हणत. २०१६ च्या नव्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना आपला ओला कचरा शक्य तिथे आवारातच जिरवायला सांगितलं. मे २०२० पासून महापालिकेने शून्य कचरा मोहीम हाती घेतली, वेगळा न केलेला कचरा उचलायचा नाही असं ठरवलं, आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं. या मोहिमेमागे तेव्हाचे उपायुक्त रामदास कोकरे होते. त्याआधी मुख्याधिकारी असताना त्यांनी वेंगुर्ल्याच्या डंपिंगच्या जागेचं पर्यटनस्थळ करून दाखवलं होतं. तळकोकणची माती आणि कल्याणची खाडी यांचं नातं असं दुसऱ्यांदा जुळलं. पहिल्यांदा ते माझ्या आईने जुळवलं होतं.

मधल्या काळात खताची कला मेली नव्हती, ती काही वेड्या माणसांनी जपली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून सांगितलं की पालापाचोळा आणि घरचं खरकटं यांतून माती तयार करता येते, त्यासाठी एकरभर जमीन लागत नाही. पुण्यात उदय भवाळकरांनी गांडुळांचं शास्त्र घरोघरी नेलं. वांद्र्याला आर. टी. दोशी उसाचं चिपाड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन गच्चीत भाजी काढत. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा बायोगॅसचा प्रकल्प घडवला. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास उपक्रमात कचरावेचक बायांना खत आणि बाग यांचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे ज्यांच्या हातून कचरा जातो त्यांनाच त्यातलं जाणकार केलं. ठाण्यात देवळांच्या आणि गणपतींच्या निर्माल्याचं खत होऊ लागलं. पण बारकाईने पाहिलं तर यातले टिकलेले सगळे उपक्रम एका गोष्टीवर टिकले: खताच्या किंवा गॅसच्या शेवटी कुणीतरी उभा होता. बाग, शेत, कॅन्टीनची शेगडी.

आमच्या सोसायटीचा अनुभव तेच सांगतो. एका विक्रेत्याने महागडं यंत्र बसवलं. ते वीज खाऊन कचरा कोरडा करी, आणि आम्ही त्या भुशालाच खत समजत होतो. कुंडीत घातल्यावर त्याला बुरशी आली. मग साधे ड्रम आणले, बाजूंना भोकं पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या. ओला कचरा एक वाटी तर सुका पाला दोन वाट्या, हे प्रमाण तळमजल्यावरच्या मावशींनी ठरवलं आणि तेच बरोबर निघालं. विकतच्या कल्चरऐवजी आंबट ताक. वास सुटला की पाला घालायचा, कोरडं पडलं की पाणी शिंपडायचं, चिलटं झाली की झाकणाखाली पाल्याचा जाड थर. आंब्याची कोय आणि शहाळं वेगळं काढायचं. जाड पांढुरक्या अळ्या दिसल्या की घाबरायचं नाही, त्या आपलंच काम करतात. दहा किलो कचऱ्याचं साधारण दोन-अडीच किलो खत होतं. इथवर सगळं जमलं.

अडचण पुढे आली. खत झालं, कुंड्या भरल्या, आणि गोण्या जिन्याखाली साठू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका सभेत म्हणाले, “आधी कचरा बाहेर जायचा, आता घरात राहतो.” त्यांचं बरोबर होतं. उत्साह मावळायला लागला तो वासाने नव्हे, गोण्यांनी. तेव्हा आम्ही रेल्वेच्या बाजूने खाली उतरलो. रुळांलगतच्या पट्ट्यांवर पालक-माठ लावणारे लोक होते, रेल्वेच्या ‘ग्रो मोअर फूड’ योजनेतून अशी शेती मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षानुवर्षं होत आली होती. नाल्याच्या पाण्यावरून तिच्यावर टीका होत असे आणि ती योग्य होती, म्हणून तिथे खत दिलं नाही. दिलं ते एका रोपवाटिकेला आणि गावाकडे जमीन असलेल्या दोन सभासदांना. रोपवाटिकेने आधी मूठभर मातीसारखं चोळून पाहिलं, प्लॅस्टिकचा तुकडा आहे का ते शोधलं, आणि मग घ्यायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर वर्गीकरणावर भाषणं द्यावी लागली नाहीत. एखाद्या घरातून दुधाची पिशवी ड्रममध्ये आली की शेजारचंच घर बोलतं, कारण गोणी परत येईल ही भीती सगळ्यांना आहे.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं म्हणतात. आपल्या शहरात ते आपोआप फिटणार नाहीत. ज्या सोसायट्या आता ड्रम विकत घ्यायला निघाल्या आहेत त्यांनी आधी शंभर-दोनशे रुपयांचा नव्हे, एका फोनचा खर्च करावा: रोपवाटिका, शाळेची बाग, बदलापूर-मुरबाडकडचा ओळखीचा शेतकरी, कुणीही एक. महापालिकेनेही नुसतं कंपोस्ट करा असं सांगून थांबू नये. वॉर्डावॉर्डांतल्या बागांनी आणि रस्त्याकडेच्या झाडांनी सोसायट्यांचं खत तपासून घ्यायला सुरुवात करावी. घेणारा ठरला की उरलेलं काम पाला, ताक आणि हवा करतात. त्यासाठी मोठ्या अकलेची गरज आईच्या काळातही नव्हती, आजही नाही.